अफवा कोणत्या डेपोची?

प्रल्हाद थूल यांच्यावर माझा राग आहे. माणूस गेल्यावर राग सोडून द्यावा असं लोक म्हणतात. म्हणोत. मी बाजारात आयुष्य काढलं आहे. मिटलेला सौदा कोणता आणि अर्धवट राहिलेला कोणता, ते मला कळतं. आमचा अर्धवट राहिला.

मी मूळचा नाचणगावचा. आर्वीच्या बाजारात पहिल्यांदा आलो तो पाठीवर पोती घेऊन. आता तिथेच माझी अडत आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. ती कोणी लावून दिली नाही, मी लावली. कापसाच्या ढिगात हात घातला की त्यात ओल किती ते मला सांगता येतं, आणि समोरच्याच्या तोंडाकडे पाहिलं की तो किती खाली येईल तेही. घासाघिशीत मला कोणी हरवलेलं नाही. एकानेच हरवलं. तो शेतकरी नव्हता, व्यापारीही नव्हता. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणारा माणूस होता.

जुन्या लोकांना थूलजींचा आवाज आठवत असेल. स्टँडवरच्या कर्ण्यातून तो आला की पेपर वाचणारे पेपर मिटायचे. घरी ते आपल्यासारखंच बोलत. पण माईक तोंडाशी आला की पुस्तकातली भाषा सुरू. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. पुलगावकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे." प्रत्येक सूचना दोनदा. पहिली झाली की फलाटावर धावपळ, पिशव्या, लेकरं, खिडकीतून आत फेकलेले रुमाल. दुसरी सूचना ऐकायला कोणी उरत नसे. आणि थूलजी दुसरीच जास्त जीव लावून म्हणत. सावकाश, शेवटचा शब्द लांबवून, डोळे मिटून. मी एकदा म्हटलं, "थूलजी, दुसऱ्यांदा कोणासाठी बोलता? लोक तर गेले बसमधी."

"पहिली प्रवाशासाठी, शेठ," ते म्हणाले. "दुसरी माह्यासाठी."

असे हौशी. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात कंगवा, कानामागे अत्तराचा बोळा. केस विरळ होते, पण कंगवा फिरवण्यात त्यामुळे काही खंड पडला नाही. उलट मोठं काही बोलायचं असलं की आधी कंगवा निघायचा. कोणी काका म्हटलेलं त्यांना खपत नसे. "काका घरी," ते म्हणत. "इथं थूलजी."

खिडकीवर त्यांची एक खोड होती. गाडी किती वाजता येईल असं विचारलं तर ते वेळ सांगत नसत. फोन उचलत, कुठल्या तरी स्टँडवर बोलत आणि म्हणत, "रोहण्यातून निघाली."

"अहो, पण येईल कधी?"

"ते ड्रायव्हरले माहीत. कुठी हाय ते मी सांगू शकतो. येईल कधी, ते सांगणारा ज्योतिषी तिकडे पानठेल्यावर बसते."

लोक चिडायचे. पण थूलजींनी सांगितलेली गाडी आली नाही असं झालेलं मला आठवत नाही.

निवृत्त झाल्यावर हा माणूस घरी बसून वाळेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तालुक्याच्या डॉक्टर मॅडमनी त्यांना वाळू दिलं नाही. मॅडम साताऱ्याकडच्या, नव्याने बदलून आलेल्या. स्टँडवर ताटकळताना थूलजींनी त्यांना गाडी नेमकी कुठे अडकली आहे ते सांगितलं होतं, तेव्हापासूनची ओळख. त्यांची अडचण अशी की लसीबद्दल मोबाइलवर काय काय फिरतं ते त्यांच्या कानावर येईपर्यंत उशीर झालेला असे. नर्सताई गावात पोचायच्या तेव्हा दारं आधीच बंद. कोणी तरी रोज वेगवेगळ्या ग्रुपांत बसून कुठली खोटी बातमी कुठे फिरते आहे ते कळवायला हवं होतं.

"मले लशीतलं काईच समजत नाई, मॅडम," थूलजींनी आधीच सांगून टाकलं.

"लसीचं मी बघते. तुम्ही बातमी कुठून आली ते सांगा."

"मंग ते तर माहं कामच होय."

त्या दिवसापासून अफवा म्हणजे त्यांच्या लेखी गाडी. कोणीही काहीही पाठवलं की पहिला प्रश्न, "कोणत्या डेपोची?" ते कोणाला खोटारडा म्हणत नसत. "तुमाले कोणी देलं?" एवढंच विचारत. त्याने साळ्याचं नाव घेतलं की साळ्याला फोन. साळ्याने भिशीतल्या बाईचं नाव घेतलं की त्या बाईच्या दारात चहाला हजर. ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड खिशात, एसटी आपल्याच घरची. माणूस सुटला की सुटला.

ग्रुपांत शिरायची त्यांची पद्धत अफलातून होती. बकऱ्या विकणाऱ्यांच्या ग्रुपात ते होते, भजनी मंडळाच्या होते, विहाराच्या तर होतेच. एका वधू-वर ग्रुपातही घुसले. तिथे कोणी तरी त्यांचा फोटो पाहून "मुलाची नोकरी काय?" असं विचारलं आणि तो मेसेज त्यांच्या बायकोच्या, मंदाताईंच्या, हाती लागला. ताई मोबाइल घेऊन थेट माझ्या दुकानात. "राऊत भाऊ, हे तिथं काऊन आहेत?" मागून थूलजी धापा टाकत आले. "अवं, ड्युटीवर आहो मी!" ताई म्हणाल्या, "ड्युटी कराची तर मंग फोटो काऊन जवानीतला लावला?" बाजारात ही गोष्ट कापसाच्या भावापेक्षा लवकर पसरली आणि तिचा डेपो शोधायची गरज पडली नाही, कारण डेपो मीच होतो.

आता माझ्या हरण्याची गोष्ट. कापूस-सोयाबीनचे भाव सांगायला माझा एक ग्रुप आहे. तालुकाभरचे शेतकरी त्यात आहेत. रोज सकाळी मी बोलून भाव टाकतो. थूलजींना तो ग्रुप हवा होता.

"भावानंतर थोडं मले बोलू द्या," ते म्हणाले.

"नाई."

"आठवड्यातून एकडाव."

"नाई म्हणजे नाई. ग्रुप भावाचा आहे. उद्या कोणी लग्नाच्या पत्रिका टाकीन."

कंगवा निघाला. केसांवरून फिरला. "बरं, बोलत नाई. नुसतं बसू तर द्यान? ऐकीन. तोंड उघडणार नाई."

मला वाटलं, म्हातारा आला खाली. मी हो म्हटलं आणि वर चहा पाजला. नंतर कळलं की त्यांना बोलायचं नव्हतंच, ऐकायचंच होतं. भावाच्या ग्रुपात शेतकरी भावापेक्षा बाकीचंच जास्त बोलतात, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. आणि त्या दिवशी पाजलेल्या चहाला ते पुढे हक्क समजू लागले. कुठलाही मेसेज आला की दुकानात येऊन बसायचे. "शेठ, हा कोण पोरगा? कोणत्या गावचा? याची सासुरवाडी कोणती?" माझ्या गादीवर बसून, माझा चहा पीत, माझ्याच गिऱ्हाइकांची चौकशी. मी खेकसायचो. ते बशीत चहा ओतायचे.

एकदा ग्रुपात आलं की गिरडला एका मुलाला लस दिली आणि त्याचे पाय गेले. थूलजींनी पहिली गाडी पकडून गिरड गाठलं. दर्ग्याच्या टेकडीखाली एक चहावाला आहे, त्याच्याकडे बसले. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "भाऊ, ते लेकराचं काय झालं म्हणते?"

चहावाला म्हणाला, "लई वाईट झालं जी. तुमच्याच आर्वीत झालं नं ते?"

थूलजी इतके हसले की चहावाल्याला वाटलं म्हाताऱ्याला ठसका लागला. ते परत आले ते वरातीतून आल्यासारखे. मला म्हणाले, "शेठ, आर्वीवाले म्हणते गिरडले झालं, गिरडवाले म्हणते आर्वीले झालं. गाडी नुसती फिरून राह्यली. हिले डेपोच नाई!" मॅडमनी दोन्हीकडच्या नोंदी तपासल्या, असं लेकरू कुठेच नव्हतं. मग थूलजींनी मोबाइलवर भरून आणलेला चहावाल्याचा आवाज आणि आमच्या एका हमालाचा आवाज शेजारी शेजारी लावून पाठवला. एक म्हणतो आर्वी, एक म्हणतो गिरड. लोकांनी तो हसण्यासाठी म्हणून पुढे ढकलला आणि आठ दिवसांत ती बातमी कोणी टाकली की खाली दहा जण विचारू लागले, "कोणत्या डेपोची?"

यानंतर थूलजींची कॉलर जरा ताठ झाली. तिथेच घोळ झाला.

पोलिओ रविवार जवळ आला होता. एक बातमी फिरू लागली होती, पण अजून दबकत. थूलजींनी ठरवलं, या खेपेला आपण आधीच सूचना द्यायची. माईकची हौस जुनीच. घरी बसून, घसा साफ करून, मोबाइलवर दोन सूचना बोलले. पहिलीत अफवा जशी फिरत होती तशीच बोलून दाखवली. दुसरीत ती अफवा आहे आणि खोटी का, ते सांगितलं. आणि दोन्ही वेगवेगळ्या पाठवल्या.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तर माझी सून पल्लवी ओसरीत बसलेली. मांडीवर ओवी, माझी नात, नुकती चालायला लागलेली. पल्लवी म्हणाली, "बाबा, रविवारी ओवीले डोस नाई पाजाचा."

"काऊन?"

तिने मोबाइल पुढे धरला. तोच आवाज, तेच पुस्तकी बोलणं. "नागरिकांनी लक्ष द्यावं. पोलिओ आपल्या देशातून गेलेला आहे. रोगच नाही, तर डोस कशाचा? या डोसात दुसरंच काही तरी आहे." आणि संपलं.

"थूलजी कधी खोटं सांगत नाई," पल्लवी म्हणाली. "तुमीच म्हणता."

मी ओरडलो. मोठ्याने ओरडलो. बाजारात माझा आवाज दोन ओळी पलीकडे जातो. घरात भांडी वाजली असतील. पल्लवीने ओवीला उचललं. "आता तर मुळीच नाई पाजत," म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. ओरडलो ते बरोबरच होतं, असं माझं आजही म्हणणं आहे. पण डोस राहिला असता, तर त्या बरोबरचं काय लोणचं घालणार होतो?

मी तसाच थूलजींच्या घरी गेलो. "ऐका तुमचे प्रताप," म्हणून मोबाइल त्यांच्या कानाशी लावला. त्यांनी ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. कंगव्याकडे हात गेला नाही. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"याच्यामांगं दुसरी होती," ते म्हणाले.

"दुसरी कोणी पाठवली नाई."

"मोबाइलवर ऐकणारे बी तेच लोक होय," ते हळूच म्हणाले. "पहिली ऐकली की पळते. जलमभर पाहून राह्यलो मी, अन् मलेच समजलं नाई." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "इचारा, शेठ."

"काय इचारू?"

"कोणत्या डेपोची गाडी?"

मी विचारलं नाही. रागात होतो तरी विचारलं नाही. त्यांनीच उत्तर दिलं, "आपल्याच."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांची समजूत घातली, मुद्दाम केलं नाही, दुसरी सूचना पुन्हा पाठवू. थूलजी ऐकेनात. "मॅडम, मोबाइलवर माही दुसरी कोणी ऐकत नाई. मले स्टँडवरचा माईक पाहिजे. लोकाईनं तो आवाज जिथं पहिल्यांदा ऐकला, तिथूनच ऐकला पाहिजे." रविवारी स्टँडवर डोसाचा बूथ लागणारच होता.

पण स्टँडवरची खिडकी आता थूलजींची नव्हती. आम्ही दोघं डेपोच्या साहेबांकडे गेलो. साहेब नवे, नियमाचे. निवृत्त माणसाला माईक मिळणार नाही, म्हणाले. थूलजी उठायला लागले. मी त्यांना खाली बसवलं. मनात म्हटलं, आता तुम्ही बघा, सौदा कसा करतात.

"साहेब," मी म्हटलं, "आठवडाभर माईक द्या."

"आठवडाभर? अशक्य."

"बरं, तीन दिवस."

"अहो, एक दिवससुद्धा नियमात बसत नाही."

"नियमात काय बसत नाई? माईक तुमचा म्हणून नं? मंग माईक आमच्या बाजाराचा. भोंगा आमचा. बॅटरी आमची. आवाज यांचा. तुमचा फक्त खांब."

साहेब विचारात पडले. "फक्त खांब?"

"अन् तोही रविवारी, बूथ उठेपर्यंत."

आठवड्यापासून सुरू केलं होतं, म्हणून त्यांना रविवार स्वस्त वाटला. हो म्हणाले. बाहेर आल्यावर थूलजी माझ्याकडे पाहत राहिले. "शेठ, तुमी माह्याशी असे कधी भांडले नाई." मी म्हटलं, "तुमी चहावरच ऐकत होते." तेवढ्यापुरता मी जिंकलो होतो. तेवढ्यापुरताच.

रविवारी सकाळी स्टँड भरलेला. खांबाला आमचा भोंगा, खाली बूथचं टेबल, मॅडम, नर्सताई, बर्फाची पेटी. थूलजींनी शर्टाला इतकी खळ दिली होती की तो त्यांच्याशिवायही उभा राहिला असता. कंगवा फिरला. माईक तोंडाशी गेला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. पाच वर्षांखालच्या प्रत्येक बाळाला आज पोलिओचा डोस पाजावा. पोलिओ आपल्याकडून गेला, तो याच डोसामुळे गेला. डोसात दुसरं काहीही नाही. मोबाइलवर माझ्या आवाजात फिरणारी सूचना अर्धी आहे, ती मानू नये. ही सूचना एकदाच दिली जाईल. दुसरी होणार नाही."

आणि बंद.

स्टँडवर अशी शांतता मी पाहिलेली नाही. थूलजींची सूचना आणि दुसरी नाही, हे कोणाला पटेना. पहिलीलाच पळणारे लोक पिशव्या हातात धरून भोंग्याकडे पाहत उभे. एक म्हातारी म्हणाली, "बिघडला काय जी?" दुसरा म्हणाला, "थांब नं माय, आता बोलते." कोणी हलेना. आणि थांबलेल्या लोकांच्या डोळ्यांसमोर डोसाचं टेबल. एका बाईने बाळ पुढे केलं. मग तिच्या मागची. मग रांगच लागली.

पल्लवी आली नव्हती. आमचं घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत. मी मान उंच करून वाट पाहत होतो. थूलजींनी माझ्याकडे पाहिलं, कंगवा काढला, आणि मला तेव्हाच पळून जायला हवं होतं.

"एक विशेष सूचना. आर्वी बाजाराचे अडते राऊत शेठ यांच्या सूनबाई पल्लवीताई व नात ओवी यांनी लक्ष द्यावं. आपण अर्धी सूचना ऐकली, यात आपली चूक नाही. ती देणारा मी. मी माफी मागतो. तसेच राऊत शेठ घरी आपल्यावर ओरडले. त्यांनी ओरडायला नको होतं. ते सध्या चौकशी खिडकीजवळ उभे आहेत."

अख्खं स्टँड वळलं. माझे शेतकरी, माझे हमाल, ज्यांच्यापुढे मी कधी मान खाली घातली नाही ते व्यापारी, सगळे हसत होते. बॅटरी माझी, भोंगा माझा, आणि पुकारला मलाच, छत्री हरवावी तसा! मी तावातावाने खांबाकडे निघालो, वायरच उपटणार होतो, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पल्लवी दिसली. कडेवर ओवी. पदर तोंडावर धरून हसत होती.

ती सरळ थूलजींकडे गेली. "आता हे खरं का ते खरं, थूलजी?"

"मले नका इचारू, बाई," ते म्हणाले. "मी गाडी सांगणारा. औषधाचं मॅडमले इचारा."

तिने विचारलं, आणि टेबलाशी उभी राहून नीट विचारलं. रोग गेला तर डोस का? मॅडमनी सांगितलं की इथून गेलाय, जगातून गेलेला नाही. काही देशांत अजून आहे, माणसं ये-जा करतात, त्यांच्याबरोबर तोही येऊ शकतो. म्हणून तो सगळीकडून जाईपर्यंत इथल्या लेकरांना डोस. पल्लवीने ऐकून घेतलं, ओवीचा गाल दाबला आणि म्हणाली, "पाजा." दोन थेंब गेले. ओवीने तोंड वाकडं केलं. करंगळीच्या नखावर काळी खूण झाली. थूलजींनी स्वतःची करंगळी पुढे केली. "माही बी रंगवा. एकच सूचना देल्याचा आज माहा बी पहिलाच दिवस होय." नर्सताईंनी हसत रंगवली.

मी तीन आठवडे त्यांच्याशी बोललो नाही. चहा बंद. ते दुकानासमोरून जात, आत डोकावत, आणि बाहेरच्या बाकावर बसून माझ्या हमालांकडून चौकशा करत. पल्लवी घरून त्यांना डबा पाठवू लागली होती, म्हणजे माझ्याच घरात माझ्याविरुद्ध डेपो उघडला होता.

शेवटचे ते मला स्टँडवरच दिसले. मी पुलगावला निघालो होतो. समोर खरांगण्याची गाडी सुटायला आलेली, आणि खिडकीत पांढरा शर्ट. कुठली तरी नवी बातमी धरून निघाले होते. मला पाहून त्यांनी करंगळी वर केली. खूण बरीच पुसट झाली होती.

"शेठ, उतरला का राग?"

"नाई."

"माफी मागा म्हणता?"

"मागा! माही बी माईकवर मागा."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. थूलजींनी कंगवा काढला, केसांवरून फिरवला, डोकं खिडकीबाहेर काढलं आणि हाताचा भोंगा करून, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं पुकारलं, "राऊत शेठ यांनी लक्ष द्यावं! चहा ठेवावा! मी येत आहे!"

लोक हसले. मीही हसलो, पण तोंड फिरवून. बातमीचा डेपो त्यांना सापडला की नाही ते कळलं नाही. त्याच आठवड्यात, घरी झोपेत, गेले. मंदाताई म्हणाल्या, सकाळी कंगवा उशाशी होता.

त्यांनी खिडकीतून पुकारलं त्या दिवशी माझी पुलगावची गाडी चुकली. समोरच लागली होती, लोक चढत होते. पण मी फलाटावर उभाच राहिलो. थूलजींची दुसरी सूचना व्हायची होती.